राक्षसाचे स्वयंपाकघर

हेवी मेटल हा आमच्या इतवारीतला फार जुना व्यवहार आहे. लोहा ओळीत सकाळी दहानंतर कधी शिरून पाहा. सळया, पत्रे, साखळ्या, कढया, तवे यांची जी उचल-आदळ सुरू होते तिच्यात शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मालमोटारीवरून सळयांचा भारा खाली सोडतात तेव्हा नवखे गिऱ्हाईक दचकते. दुकानदार मात्र त्याच क्षणी शांतपणे भाव सांगत असतो. त्यामुळे पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारा माझा भाचा मला प्रथम म्हणाला, की मामा, मी हेवी मेटल ऐकतो, तेव्हा मी त्याला म्हटले, बाबा रे, आम्ही तर साठ वर्षे त्यातच काढली.

पण ही केवळ शब्दांवरची कोटी नाही, हे पुढे त्याच्यामुळेच कळले. या संगीताचा जन्म खरोखर पत्र्याच्या कारखान्यात झालेला आहे. इंग्लंडातले बर्मिंगहॅम हे लोखंडाचे, यंत्रांचे, काजळीचे शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडून गिटार वाजवायला जायचे ठरलेले, कामाचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून दिली. जँगोची दोन बोटे आगीत जायबंदी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर तो जगातला मोठा गिटारवादक झाला होता. मग या पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि पुन्हा वाजवू लागला. बोटे दुखत म्हणून तारा पुढे सैल केल्या. तारा सैल केल्या की स्वर खाली उतरतो, जड होतो, घुमतो. आज जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्या जडपणात दुखऱ्या बोटांचा वाटा एवढा मोठा आहे.

त्याच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. ती जवळपास एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली होती. तिच्यातले पहिले गाणे सुरू होते ते तीन स्वरांवर : खालचा सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. षड्जापासून तीव्र मध्यमाच्या या अंतराला युरोपात सैतानाचा स्वर असे नाव पडलेले आहे. आता आपल्याकडे तीव्र मध्यमाचे काय होते? यमन होतो. शाळकरी मुलीला पेटीवर बसवून गुरुजी पहिल्या काही रागांत जो शिकवतात तो. त्यांचा सैतान आपल्याकडे संध्याकाळी पाटावर बसून सरगम घोटतो. भाच्याला हे मी सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. तेवढ्यावर मी त्याचे पुढचे दोन तास ऐकून घ्यायला तयार झालो.

त्या दोन तासांत त्याने मला मुंबईच्या साहिल मखिजाची ओळख करून दिली. हा लेख त्या मखिजाविषयी आहे. खरे म्हणजे त्याच्या जोडधंद्यांविषयी आहे.

मखिजाने २००० साली मुंबईत 'डीमॉनिक रिझरेक्शन' नावाचा वाद्यवृंद काढला. नावाचा अर्थ साधारण 'राक्षसी पुनरुत्थान'. स्वतःला त्याने घेतलेले नाव 'डीमनस्टीलर', म्हणजे राक्षस चोरणारा. हा गातो, गिटार वाजवतो, गाणी रचतो. गातो म्हणताना जरा थांबावे लागेल. या प्रकारात बराचसा भाग गुरगुरण्याचा असतो. छातीतला दाब घशावर सोडून, मूळ स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना थरथरवून काढलेला तो आवाज आहे. तो चुकीच्या पद्धतीने काढला तर महिन्याभरात घसा बसतो. रियाज केलेला माणूस मात्र वर्षानुवर्षे काढतो. मधूनच हा माणूस ते सोडून स्वच्छ गळ्याने गाऊ लागतो आणि आपण दचकतो, तो सळयांमुळे दचकलो त्याच्या उलट कारणाने. पाठीमागे ढोलकवाला दोन्ही पायांनी दोन पेडल मारत असतो, एवढ्या गतीने की ठोके वेगळे न वाटता एक जाड घुमारा वाटतो. आणि सिंथेसायझरवर देवळाच्या गाभाऱ्यासारखा एक लांब स्वर धरलेला असतो.

हा खेळ आपल्याकडे कुणी, कुठे आणि कशाच्या जिवावर करायचा? मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळावा भरू लागला आणि धोबी तलावच्या रंगभवनात, जिथे मराठी नाटकवाल्यांनीही उघड्या आभाळाखाली प्रयोग केले, तिथे या पोरांना पाय ठेवायला जागा मिळाली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत ते रंगभवन रात्रीपुरते मुके झाले. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हिंदी सिनेमा पुरेसा होता. तेव्हा मखिजाने स्वतःचीच छोटी कंपनी काढली, 'डीमनस्टीलर रेकॉर्ड्स', आणि आपल्याबरोबर इतर भारतीय वाद्यवृंदांच्याही तबकड्या काढल्या. ज्याला गिऱ्हाईक नाही त्या मालाचे दुकान काढायचे, आणि शेजाऱ्याचाही माल तिथे ठेवायचा. बँकेत असतो तर या प्रस्तावावर मी काय शेरा मारला असता ते इथे लिहीत नाही.

पण त्या दुकानाचा माल लांब गेला. २०१० साली लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाने आपल्या पुरस्कारांत जागतिक मेटलचा मान या मुंबईच्या पोरांना दिला. त्याच वर्षी ते नॉर्वेत ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आले. २०१४ मध्ये जर्मनीतल्या वाकेनला गेले. वाकेन हे उत्तर जर्मनीतले एक खेडे आहे, आणि उन्हाळ्यात काही दिवस तिथे या संगीताची पंढरी भरते. वारकरी काळ्या बनियनमध्ये, चिखलात, पावसात. उपमा माझी आहे, पण छायाचित्रे पाहून आपल्यालाही दुसरी सुचणार नाही.

२०१७ मध्ये त्यांचा 'दशावतार' आला. दहा गाणी, दहा अवतार : मत्स्यापासून कल्कीपर्यंत. शब्द इंग्रजी. मी तो सलग दोनदा ऐकला. पहिल्यांदा एकही शब्द कळला नाही. दुसऱ्यांदा गाण्यांचे शब्द समोर ठेवले, तेव्हा कथा आपल्याच आजीने सांगितलेल्या निघाल्या. नृसिंहाला हे संगीत शोभते, यात मला शंका नाही. खांब फोडून निघालेल्या अर्ध्या सिंहाने भूपाळी गायची की काय? परशुरामाचेही तसेच. राम आणि कृष्ण मात्र या आवाजात सापडणे मला जड गेले. तो दोष माझ्या कानांचा असेल, त्यांना गीतरामायणाची सवय आहे.

नवव्या गाण्यापाशी नागपूरकराला थांबावेच लागते. ते बुद्धावर आहे. पुराणांच्या यादीप्रमाणे ते बरोबर आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतली पाचवी, बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, अशा आशयाची आहे. मुंबईत बसून दहा नावांची यादी करणे वेगळे आणि आमच्या गावात नवव्या नावावर येणे वेगळे. महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांत तर या नवव्या जागेवर कित्येकदा विठोबा उभा असतो. म्हणजे ही जागा आपल्याकडे फार पूर्वीपासून वादाची आहे. मखिजाला हे माहीत असावे अशी माझी अपेक्षा नाही. ऐकणाऱ्याला माहीत असावे एवढीच आहे.

असो. हा झाला मुख्य व्यवसाय. आता रकाना दुसरा.

बँकेच्या जुन्या कर्जाच्या अर्जावर दोन रकाने असत : मुख्य व्यवसाय आणि जोडधंदा. तरुणपणी मला वाटे, हे रकाने भरणे म्हणजे कारकुनी काम. इतवारीतल्या शाखेत आलो तेव्हा लक्षात आले की अर्जातले सर्वांत अवघड प्रश्न तेच आहेत. किराणा दुकान हा मुख्य व्यवसाय लिहिणाऱ्या एका गृहस्थांच्या खात्यात लग्नसराईत रोख भरणा दुप्पट होई. चौकशी केली तर ते बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवत. दुकानाला त्या दिवसांत कुलूप. त्यांना विचारले, जोडधंद्यात हे का नाही लिहिले? ते म्हणाले, "साहेब, धंदा तं दुकान आहे. ते वाजवणं काही धंदा नाही."

मखिजाचा दुसरा जोडधंदा म्हणजे 'वर्कशॉप'. या वाद्यवृंदाविषयी मेटल ऐकणाऱ्यांतही फार थोड्यांना माहिती आहे. गंमत म्हणून काढलेला विनोदी रॉकचा हा खेळ. २००९ साली त्याची तबकडी निघाली. तिचे नाव 'खूनी मुर्गा'. ज्या माणसाने नऊ वर्षे अंधार, राक्षस, युद्ध, प्रलय यांवर गाणी रचली, तो कोंबडीकडे वळला. भाच्याने हे नाव सांगितले तेव्हा मला हसू आवरेना, कारण ज्या गावात रविवारी सकाळी कोंबडीच्या दुकानापुढे रांगा लागतात तिथे खुनी कोण आणि बळी कोण याविषयी संशय नसतो. या संगीताचा शत्रू कोण, याचा मी विचार केला, तर तो धर्मगुरू नाही, पोलीस नाही, शेजारची म्हातारीही नाही. त्याचा शत्रू हसू आहे. काळे कपडे, रंगवलेला चेहरा, नरकाची वर्णने. यात एकाने जरी फिसकन हसून दिले की सगळा मांडव खाली येतो. 'वर्कशॉप'ने ते फिसकन हसणेच उचलून त्याचा वाद्यवृंद केला. त्यातले विनोद फार सूक्ष्म नाहीत, महाविद्यालयाच्या कट्ट्यावरचे आहेत, काही तर मला मुळीच आवडले नाहीत. पण स्वतःच्या राक्षसाला स्वतःच गुदगुल्या करणारा गायक मला त्या राक्षसासकट पटू लागला, तो इथून.

तिसरा, 'रेप्टिलियन डेथ', हा आणखी जहाल प्रकार. त्याच्या वाट्याला मी गेलो नाही. चौथा म्हणजे एकट्याच्या नावावर काढलेल्या तबकड्या. २०१६ मधल्या तबकडीवर जॉर्ज कोलियास या नामांकित ग्रीक ढोलकवाल्याने साथ केली आहे. आता दोघांनी एका खोलीत बसण्याची गरज उरलेली नाही. एकाने मुंबईतून गिटार पाठवायची, दुसऱ्याने त्याच्या देशातून ठेका भरायचा. बँकेत आम्ही याला परगावच्या धनादेशाची वसुली म्हणत असू, फक्त त्याला पंधरा दिवस लागत.

आणि पाचवा जोडधंदा स्वयंपाक.

या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीला मखिजाने यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' सुरू केले. कल्पना अशी, की एखाद्या मेटल वाद्यवृंदातल्या कलावंतांना बोलवायचे, त्यांच्याशी गप्पा मारायच्या आणि त्यांच्यासाठी काहीतरी खमंग रांधायचे. हेडबँगर म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर केस उडवत मान हलवणारा. आपल्याकडे अंगात आलेल्या बाईला कुणी कढईपुढे बसवत नाही, याने बसवले. तो प्रयोग काही काळ चालला, मंदावला. पुढे वजन उतरवण्यासाठी त्याने कीटो आहार धरला आणि तेच पदार्थ शिकवायला सुरुवात केली. धान्य, साखर, बटाटा जवळजवळ वर्ज्य. लोणी, चीज, अंडी, मांस मुबलक. भाताच्या जागी किसलेला फ्लॉवर, गव्हाच्या जागी बदामाचे पीठ. (हा आहार १९२१ च्या सुमारास अमेरिकेत फेफरे येणाऱ्या मुलांवरचा उपचार म्हणून आला, हे तो घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, हे मी माझ्या वयाच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो.) २०१८ साली त्याच्या पाककृतींचे इंग्रजी पुस्तक निघाले, 'कीटो लाइफ'.

आणि इथे हिशेब उलटा झाला. राक्षसाचा आवाज जिथे पोचला नव्हता तिथे त्याची कढई पोचली. काळी बनियन, दाढी, लांब केस आणि हातात उलथने घेतलेल्या या माणसाला ओळखणारे असे कितीतरी लोक जगात आहेत, ज्यांनी त्याचे एकही गाणे ऐकलेले नाही, आणि ऐकले तर घाबरून बंद करतील. जोडधंदा घर चालवू लागला आणि मुख्य व्यवसायाची तबकडी त्याच्या आधाराने निघू लागली.

अशी माणसे या संगीतात आणखीही आहेत. आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. अ‍ॅस्ट्रीअस नावाच्या ब्रिटिश विमान कंपनीत त्याने कॅप्टन म्हणून नोकरी केली. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत या वाद्यवृंदाच्या जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला, त्या दौऱ्याचे बोईंग ७५७ विमान चालवणाऱ्यांत तो होता. टोनी आयोमीने २०२१ मध्ये इटलीच्या एका अत्तरवाल्याबरोबर स्वतःचे अत्तर काढले. आणि ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न, जो २२ जुलै २०२५ ला वारला, त्याला अमेरिकेतल्या घराघरांनी ओळखले ते २००२ ते २००५ या काळात चाललेल्या दूरदर्शन मालिकेमुळे. तिच्यात तो स्वतःच्याच घरात, कुत्र्यांमागे पळत, रिमोट कुठे ठेवला ते विचारत फिरे. काळोखाचा राजा आणि रिमोट सापडेना.

तरी डिकिन्सनची गोष्ट आणि मखिजाची गोष्ट एक नाही. डिकिन्सनला विमान उडवायची हौस होती, गाण्यावर त्याचे पोट भरत होते. मुंबईत अनेक वाद्यवृंद, एक कंपनी आणि एक स्वयंपाकघर चालवणाऱ्याचा हिशेब निराळा असतो. तो आपल्याकडच्या लोकांना चटकन कळेल, कारण आपल्याकडची कला पुष्कळदा दुसऱ्या रकान्यातच राहिली आहे. मूर्तिजापुरात जन्मलेल्या आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या वसंतराव देशपांडे यांनी किती वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात काढली! १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब उभे राहिले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्या आधीची वर्षे कोणत्या रकान्यात घालायची?

माझे स्वतःचे सांगायचे तर पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पाच कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या रात्री साडेनऊ ते बारा या वेळात. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात सांगितले, की आपले हे अधिकारी कामाला चोख होते, शिवाय त्यांना लिहिण्याचाही छंद आहे. शिवाय आणि छंद. मी हसून नारळ घेतला. पण खोटे कशाला सांगू, दिवसा रोखीचा ताळा जमवला नसता तर रात्री मला एक वाक्य जमले नसते. कॅशियरची खिडकी, वसुलीच्या फेऱ्या, उचंत खात्यात अडकलेल्या नोंदी, हे सारे माझ्या कादंबऱ्यांत जसेच्या तसे आहे. स्वयंपाकघर आणि गिटार या दोहोंचे मखिजाच्या घरात काय नाते आहे मी जाणत नाही. पण ते शत्रुत्वाचे नसावे, असे त्याची फोडणी पाहताना वाटते. हात सराईत आहे. मीठ टाकताना तो ठेका धरतो.

आमच्या इतवारी-पाचपावली भागात तर जोडधंदा मुख्य व्यवसायाला कसा गिळतो याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे, आणि योगायोगाने तेही स्वयंपाकघराचेच. सावजी. हे जेवण हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतले. पुरुष मागावर, बायका चुलीवर. मसाला भाजून वाटलेला, खसखस, दगडफूल, मिरे, वर तेलाची तर्री. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमाग हळूहळू मागे पडत गेला. काहींनी गिरणीत नोकरी धरली, आणि २००२ साली ती गिरणीही बंद झाली. मागाच्या खोलीत बाकडी आली, दारावर 'सावजी भोजनालय' अशी पाटी लागली. आज नागपूरचे नाव काढले की परगावचा माणूस विचारतो ते सावजीबद्दल. नऊवारी लुगडी कोण विणत होते, हे कुणी विचारत नाही.

१९९१ च्या सुमारास असे एक खानावळवाले माझ्यासमोर कर्जाच्या अर्जासाठी बसले होते. भांडी, बाकडी, गॅसची शेगडी यांसाठी पंधरा हजार हवे होते. मुख्य व्यवसाय? म्हणाले, "विणकर लिहा." मी म्हटले, अहो, माग चालू आहे का? "नाही. तीन वर्षं झाली, बंद आहे." मग खानावळ लिहू? ते जरा ताठ बसले. "साहेब, माग बंद आहे म्हणून मी विणकर नाही राहिलो का? खानावळ तं बायको चालवून राहिली." अर्ज नियमात बसायचा तर मुख्य व्यवसाय खानावळ हवा होता. आम्ही दोघांनी मिळून पहिल्या रकान्यात 'भोजनालय' आणि दुसऱ्यात 'विणकाम' लिहिले. त्यांनी सही केली, पण अर्ज परत देताना नजर दिली नाही. कर्ज मात्र मुदतीच्या चार महिने आधी फिटले. आज त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसतो.

गेल्या पोळ्याला भाचा आला होता. पाडव्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, नागपुरात मारबत निघते, ती त्याला दाखवायची होती. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगतात. उंच राक्षसीण खांद्यावर, मागे ढोल, ताशे, पिपाण्या, आणि रोगराई, इडापीडा घेऊन जा, असे हजारो लोक बेंबीच्या देठापासून ओरडत असतात. त्यांच्यामागून बडगे येतात. त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा : महागाईचा, लाचखाऊ अधिकाऱ्याचा, कधी परदेशच्या एखाद्या पुढाऱ्याचा. संध्याकाळी सगळे जाळून टाकायचे. नेहरू पुतळ्यापाशी त्या कल्लोळात भाच्याने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितले, "मामा, हे म्हणजे मेटलच आहे." दिवसा ऐकलेल्या गोष्टी जुळू लागल्या. राक्षस मिरवायचा तो पूजेसाठी नव्हे, घालवण्यासाठी. मखिजाच्या एकट्याच्या नावावरची २०२३ ची तबकडी आहे, 'द प्रोपगंडा मशीन', प्रचाराच्या यंत्रावर. ती घरी आल्यावर ऐकली तेव्हा तिला मी मनात सरळ बडग्यांच्या रांगेत उभे केले.

दुपारी आम्ही त्याच खानावळीत जेवलो. भाचा कीटोवर असल्यामुळे त्याने भाकरी आणि भात नाकारला, नुसता रस्सा आणि मटण घेतले, आणि तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आले तरी भाकरीला हात लावला नाही. मालकाच्या मुलाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "साहेब, याची तब्येत बरी नाही का?" मी त्याला कीटो समजावून सांगितले, आणि तो आहार शिकवणारा माणूस मुळात गायक आहे हेही सांगितले. भाच्याने लगेच मोबाइलवर 'खूनी मुर्गा' लावून दाखवले. मुलाने अर्धा मिनिट मन लावून ऐकले. मग म्हणाला, "गाणं ठीक आहे. पण मसाला कोणता टाकते हा?"

भाचा पुण्याला परत गेला, जाताना मला कानावर लावायचे यंत्र देऊन गेला. त्याची गरज होती. 'दशावतार' मी दुसऱ्यांदा ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आमच्या हिला जिन्यात भेटल्या आणि काळजीने म्हणाल्या, तुमच्या मिक्सरचा आवाज फार वाढला आहे हो, एकदा लोहा ओळीत दाखवून घ्या.